जोहान नव्हे, व्हरांड्यातली ती बाई

ताई, नमस्कार.

मी ४६ वर्षांची आहे. एका खासगी हॉस्पिटलात २२ वर्षं ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरातली नर्स, म्हणून काम करते. लेक अकरावीत आहे. तिने मैत्रिणीकडून 'मॉन्स्टर' नावाची जाडजूड जपानी चित्रपुस्तकं आणली. मांगा म्हणतात म्हणे. नाव वाचूनच माझ्या पोटात गोळा आला. आत काय आहे ते तपासावं म्हणून पहिला भाग उघडला, तोही चुकीच्या बाजूने, आणि शेवटचं पान आधी वाचून बसले. लेक पोट धरून हसली. या गोष्टीला तीन आठवडे झाले. आता माझा चौथा भाग चालू आहे आणि तिचा अजून दुसराच. इंग्रजी माझं जेमतेम, पण वाक्यं छोटी आहेत, अडत नाही. नाइट नसली तरी रात्री दीड-दोनपर्यंत ओट्याशी स्टूल टाकून वाचत बसते. मिस्टर म्हणतात, "या वयात चित्रांची पुस्तकं? आणि तीही खुनांची? दिवसभर रक्त बघून पोट भरत नाही का तुझं?"

मला भीती वेगळीच आहे. त्यात जोहान म्हणून एक देखणा, हळू बोलणारा खुनी आहे. तो पानावर आला की माझा वाचायचा वेग आपोआप कमी होतो. तो येऊ नये असं वाटतं, आणि बरेच दिवस आला नाही तर चुकल्यासारखं होतं. माझ्यात काही बिघडलंय का?

सुरुवातीला त्यात एका तुर्की कामगाराचा प्रसंग आहे. तो वाचून मी दोन दिवस पुस्तक मिटूनच ठेवलं होतं. आमच्याकडे २०११ साली असंच झालं. यंत्रमागावरचा एक माणूस डोक्याला मार लागून आला. टेबल तयार होतं. तेवढ्यात एका बड्या घरचे पेशंट आले, वरून फोन आला, आणि टेबल त्यांना गेलं. त्यांचं थांबण्यासारखं होतं, हे आत सगळ्यांना कळत होतं. मला बाहेर पाठवलं, डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये आहेत असं सांगायला. त्याची बायको व्हरांड्यात स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती मला एवढंच म्हणाली, "पण आमी आदी आलो हुतो न्हवं?" मी काही न बोलता आत गेले. तो पहाटे गेला. त्या बाईचं नाव मला अजून पाठ आहे. असो, ते जाऊ दे.

मूळ प्रश्न असा की लेकीला हे वाचू द्यावं का, आणि मला हे एवढं का आवडतंय?

— ओटीतली एक सिस्टर

*

प्रिय सिस्टर,

आधी मिस्टरांचं बघू, म्हणजे ती कटकट मिटते.

आपल्याकडे चित्रकथा दुधाच्या दातांबरोबर पडून जायच्या, त्यामुळे चित्रं म्हणजे पोरांचं काम ही समजूत पक्की बसली आहे. जपानमध्ये मांगाची मासिकं वयानुसार वेगळी निघतात. पोरांसाठीची 'शोनेन', मोठ्या पुरुषांसाठीची 'सेइनेन', बायकांसाठीची आणखी वेगळी. तुम्ही वाचताय ते 'मॉन्स्टर' नाओकी उरासावा यांचं. ते डिसेंबर १९९४ ते डिसेंबर २००१ अशी सात वर्षं 'बिग कॉमिक ओरिजिनल' नावाच्या पाक्षिकात छापून येत होतं. हे पाक्षिक मोठ्यांचं, पोरांचं नव्हे. ऑफिसातून दमून घरी निघालेला, पोटाला थोडी चरबी आलेला माणूस गाडीत उभ्या उभ्या ते वाचतो. म्हणजे साधारण तुमच्या मिस्टरांच्या वयाचाच.

आणि हे काही अलीकडचं फॅड नव्हे. योशिहिरो तात्सुमी या चित्रकाराने १९५७ साली आपल्या गोष्टींना 'मांगा' म्हणायचं सोडून 'गेकिगा', म्हणजे नाट्यचित्रं, असं नाव दिलं. कारण हेच, की या गोष्टी पोरांच्या नव्हेत हे लोकांना कळावं. त्या छापल्या जायच्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी. विकत घ्यायची ऐपत नसलेले कामगार, कारखान्यातली पोरं चार पैसे देऊन ती रात्रभरासाठी घरी न्यायची. हे वाचलं तेव्हा मला आमची आई आठवली. भाड्याच्या वाचनालयातून आणलेली रहस्यकथा ती तांदळाच्या डब्यात ठेवायची. वडिलांना सापडू नये म्हणून नव्हे, आम्ही पोरं पळवू म्हणून. तेव्हा ओट्याशी स्टूल टाकून वाचणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही.

मिस्टरांना आणखी एक विचारा. 'मॉन्स्टर'च्या चार भागांत रक्त किती पानांवर आहे? तुम्ही मोजलंत तर फार भरणार नाही. रात्री जेवताना टीव्हीवर खुनाच्या बातम्या लावून भाकरी मोडणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत. तुमचे मिस्टर त्यातले नसतील तर माझी माफी मागते. असतील तर वाद तिथेच संपला.

आता तुमचं पत्र.

ते मी दोनदा वाचलं आणि मग चक्क ओळी मोजल्या. ज्याच्यामुळे तुम्हाला स्वतःची भीती वाटते त्या जोहानवर जेवढ्या ओळी आहेत, त्याच्या जवळजवळ दुप्पट तुम्ही त्या यंत्रमागवाल्यावर लिहिल्या आहेत. आणि शेवटी 'असो, ते जाऊ दे' म्हणून हात झटकलेत. सदर लिहिता लिहिता एवढं कळायला लागलंय, की 'असो'च्या आधीचं नीट वाचावं.

ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉ. तेन्मा हा जपानी मेंदूशल्यविशारद १९८६ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका हॉस्पिटलात काम करतो. हुशार, कष्टाळू, डायरेक्टरचा लाडका, डायरेक्टरच्या मुलीशी लग्न ठरलेलं. एका रात्री त्याला एक तुर्की कामगार सोडून नावाजलेल्या ऑपेरा गायकावर शस्त्रक्रिया करायला सांगतात. तो करतो. गायक वाचतो, पेपरात फोटो येतो, कामगार मरतो. मग कामगाराची बायको त्याला हॉस्पिटलातच गाठते आणि म्हणते की माझा नवरा आधी आला होता. होणारी बायको त्याची समजूत घालते, की माणसांचे जीव काही सारखे नसतात. थोड्याच दिवसांनी पुन्हा तसाच पेच येतो. टेबलावर डोक्यात गोळी लागलेला एक पोरगा आहे आणि फोन येतो की शहराचे महापौर येताहेत, पोरगा दुसऱ्याकडे दे. या वेळी तेन्मा नाही म्हणतो. पोरगा वाचतो, महापौर जातात. तेन्माची बढती जाते, लग्न मोडतं. आणि नऊ वर्षांनी कळतं की तो वाचवलेला पोरगा खुनामागून खून करत हिंडतो आहे. तोच जोहान.

ओटीबाहेरच्या माणसाला ही सुरुवात म्हणजे कथेची जुळवाजुळव वाटते. तुम्हाला ती तशी वाटली नाही, वाटणं शक्यच नव्हतं. 'टेबल तयार आहे' या तीन शब्दांत काय काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणी हात धुतलेत, भूलतज्ज्ञ कुठे उभे आहेत, ट्रे लावून झालाय की नाही, आणि फोन आल्यावर सगळे एकमेकांकडे न बघता कसे कामाला लागतात. तुमच्याच पत्रातलं वाक्य आहे, 'आत सगळ्यांना कळत होतं'. तेवढंच उरासावांनी सुरुवातीच्या पानांत काढलंय.

म्हणून तुम्ही विचारता की हे का आवडतं, तर माझं म्हणणं असं. मानसशास्त्रीय थरारातली चांगली मांगा माणसाला खुनासाठी धरून ठेवत नाही. खून तर कुठल्याही दोन रुपयांच्या गोष्टीत होतात. जो प्रश्न आपण गिळून टाकलेला असतो, तो ती बाहेर काढते आणि पानोपानी समोर धरून ठेवते. तुमचा प्रश्न गेली कित्येक वर्षं असा असणार, की त्या रात्री आपण बरोबर वागलो असतो तर? तेन्मा बरोबर वागला. त्याचं काय झालं ते तुम्ही वाचताय. बरोबर वागूनही त्याच्या हातून एक राक्षस जगात आला. आता त्याने पोराला टेबलावरून उतरवायला हवं होतं का? गोष्ट याचं उत्तर चटकन देत नाही. इंग्रजी आवृत्तीच्या नऊ जाड भागांत ती तुम्हाला या टोकावरून त्या टोकावर नेत राहते. पळता पळता, पोलीस मागावर असताना, तेन्मा वाटेत भेटलेल्या आजाऱ्यांना तपासायला थांबतो, ते बघताना तुम्हाला काय वाटतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, रात्री दोन वाजता तुम्ही त्यासाठी जागता. जोहानसाठी नव्हे.

पण जोहानचंही खोटं नाही, म्हणून त्याच्याकडे येते.

एक गंमत करून बघा. तिसरा भाग हातात घ्या आणि जोहान प्रत्यक्ष किती चौकटींत आहे ते बोटाने मोजा. फार थोड्या भरतील. आपल्याला तो सगळीकडे असल्यासारखा वाटतो, कारण उरासावा त्याला काढत नाहीत, त्याला पाहून आलेल्या माणसांचे चेहरे काढतात. घाम फुटलेला म्हातारा, खुर्चीच्या कडेवर बसलेली बाई, बोलता बोलता मध्येच थांबलेला पोलीस. असले साधे, सुरकुतलेले, नाक वाकडं असलेले चेहरे काढण्यात या माणसाचा हात कुणी धरणार नाही. आणि त्या सगळ्यांच्या मधे जोहानचा चेहरा मात्र गुळगुळीत, कोऱ्या पाटीसारखा. त्याच्या मनात काय चाललंय ते एकाही चौकटीत लिहिलेलं नसतं. मग ती जागा कोण भरतं? वाचणारा. तुमचा वेग कमी होतो तो आवडीने नव्हे. तुम्ही त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत असता. बावीस वर्षं तुम्ही हेच काम करता. भूल चढत असताना पेशंटचा चेहरा, ऑपरेशन बिघडायला लागलं की मास्कच्या वर दिसणारे सर्जनचे डोळे. असा चेहरा समोर आला की जो काहीच सांगत नाही, तर तुमचं लक्ष तिथे खिळणारच. याला बिघाड म्हणत नाहीत. सवय म्हणतात.

हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार याच्या बरोबर उलटा आहे आणि तुमच्या लेकीने तो नक्की वाचलेला असणार. 'डेथ नोट'. त्सुगुमी ओबा यांची गोष्ट, ताकेशी ओबाता यांची चित्रं. डिसेंबर २००३ ते मे २००६ या काळात आली, बारा भाग. विशेष म्हणजे ही पोरांच्या साप्ताहिकात, 'शोनेन जंप'मध्ये आली. हुशार, पहिल्या नंबरचा लाइट यागामी या विद्यार्थ्याला मृत्युदेवतेची वही सापडते. चेहरा मनात आणून नाव लिहिलं की माणूस ४० सेकंदांत हृदय बंद पडून मरतो. पोरगा गुन्हेगारांपासून सुरुवात करतो आणि मग कुठे थांबायचं तेच त्याला कळेनासं होतं. इथे खुन्याच्या डोक्यात आपण पहिल्या पानापासून राहायलाच गेलेलो असतो. त्याचा प्रत्येक विचार लिहिलेला, चौकटी शब्दांनी नुसत्या खचाखच.

त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. लाइटच्या खोलीत पोलिसांनी छुपे कॅमेरे लावलेत. तो अभ्यासाला बसतो, चिप्सची पुडी फोडतो. एका हाताने गणितं सोडवतो, दुसरा हात पुडीत. पुडीत बारकासा टीव्ही आहे आणि वहीच्या पानाचा कपटा. बातम्यांत नाव दिसतं, पुडीतल्या पुडीत तो ते लिहितो, आणि वर एक चिप काढून खातो. कॅमेऱ्यात दिसतो तो गुणी मुलगा. हे वाचताना माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली, सांगू? सापडू नको रे बाबा. आणि पान उलटल्यावर मी दचकले, कारण हा माणसं मारतोय आणि मी त्याच्यासाठी श्वास रोखून बसले आहे. हा दचका हीच या प्रकारच्या मांगाची खरी कमाई. आपण कुणाच्या बाजूने आहोत ते आपल्याला ठाऊक असतं, असा आपला समज असतो. ही मांगा तो समज एका चिपमध्ये मोडते. चोरून परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरालाही आपण असेच मनातल्या मनात सावरून घेतो की नाही?

मांगालाच हे का जमतं, सिनेमाला का नाही, असं भाच्याने मला एकदा विचारलं होतं. (त्यानेच मला या नादाला लावलं. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.) सिनेमातही जमतं, पण तिथे वेग दुसऱ्याच्या हातात असतो. इथे तो तुमच्या बोटांत आहे. तुम्ही जे उलट्या बाजूने पुस्तक उघडलंत ना, त्यातच अर्धं गुपित आहे. उजवीकडून डावीकडे वाचत आपण डाव्या पानाच्या तळाशी, शेवटच्या चौकटीवर येतो. तिथे मुद्दाम काहीतरी अर्धवट ठेवलेलं असतं. दाराच्या मुठीवर हात, कुणाचं तरी वर उचललेलं डोकं, "तुम्ही... तुम्ही इथे?" पान उलटल्यावरच दिसतं कोण आहे ते. मांगाच्या धंद्यात या ओढीला 'हिकी' म्हणतात आणि पान उलटल्यावर जे समोर येतं त्याला 'मेकुरी'. म्हणजे प्रत्येक वेळी दार आपणच उघडतो. नको असेल तर उघडू नये, पण आपण उघडतो. घाबरवलं लेखकाने आणि कडी काढली आपण, अशी ती भागीदारी.

शांततेचंही तसंच. जपानी मूळ पानांवर सगळे आवाज चित्रातच लिहिलेले असतात, पावलं, पाऊस, दार. पण काहीच आवाज नसेल तर त्यालाही एक शब्द आहे, 'शीन्'. सामसूम झाली की कोपऱ्यात तेवढंच लिहितात. रात्री तीनला ऑपरेशन आटोपल्यावर, सगळे गेल्यावर, तुम्ही एकट्या हत्यारं मोजत असता तेव्हा ओटीत जे असतं ते. आपल्याकडे 'सुन्न' आहे, पण ते माणसाचं होतं, खोलीचं नाही.

काळाचाही एक धागा आहे, तो चटकन सांगते. 'मॉन्स्टर' सुरू होऊन चार महिने होतात न होतात तोच, २० मार्च १९९५ ला, टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी सरिन हा विषारी वायू सोडला. पकडले गेले त्यात चांगले शिकलेले लोक होते, एक तर हृदयशल्यविशारद होता. त्याच्या दोनच महिने आधी कोबेचा भूकंप झाला होता. डॉक्टर, शाळा, सरकार, ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकायचा तेच डळमळलेल्या देशात लोक दर पंधरवड्याला ही गोष्ट उघडत होते. १९९९ साली 'मॉन्स्टर'ला ओसामू तेझुका यांच्या नावाचा, आसाही शिंबुन या वृत्तपत्राचा सर्वोच्च मांगा पुरस्कार मिळाला. तेझुका म्हणजे तिथले मांगाचे दैवत, आणि हे मिस्टरांना जरूर सांगा, वैद्यकीचे पदवीधर.

आता तुमच्या झोपेबद्दल, कारण ओटीत उभं राहणाऱ्या बाईने तीन तास झोपून जाणं मला चालणार नाही, तुमच्या पेशंटलाही चालू नये. 'बिग कॉमिक ओरिजिनल' महिन्याच्या ५ आणि २० तारखेला येतं. 'मॉन्स्टर'ची १६२ प्रकरणं अशी सात वर्षांत वाटून आली. तुम्ही तीन आठवड्यांत जेवढं संपवलंत तेवढं वाचायला तिथल्या माणसाला दोन वर्षांहून जास्त लागली होती. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी जो गळ लावलाय तो वाचकाला पंधरा दिवस लटकत ठेवण्यासाठी. तुम्ही तो पंधरा सेकंदांत गिळता आणि पुढच्याला तोंड लावता. म्हणून 'हे प्रकरण संपवून झोपते' असं कधीही ठरवू नका, त्याने झोप येणारच नाही. प्रकरणाच्या मधेच थांबा. लोक साधं काहीतरी खात-पीत बोलत बसलेले असतात अशा पानावर. तिथे गळ नसतो. माझा स्वतःचा अनुभव आहे, खूण घालून दिवा बंद करता येतो. आणि नाइटच्या आदल्या रात्री पुस्तक लेकीच्या खोलीत ठेवा.

लेकीला वाचू द्यावं का, तर अकरावीतल्या मुलीला 'मॉन्स्टर' आणि 'डेथ नोट' हरकत नाही. या पुस्तकांच्या मागच्या कव्हरवर वयाची खूण छापलेली असते, ती बघायची सवय तिलाही लावा. 'डेथ नोट'वरून परदेशात काही शाळांत गोंधळ झाले होते, मुलांनी स्वतःच्या वहीत वर्गातल्या पोरांची नावं लिहिली म्हणून. चीनने २०१५ मध्ये त्यावर बंदीच घातली. वहीत नाव लिहून राग काढणं हे पुस्तकाच्या आधीपासून चालत आलंय. आमच्या वर्गात गणिताच्या बाईंचं नाव बाकावर कोरून त्यावर फुली मारणारी मीच होते. अशी वही कधी सापडलीच तर पुस्तक जप्त करण्यापेक्षा नावं कुणाची आहेत ते वाचा. तिथे कुणीतरी तिला छळत असतं.

तिला पुढे काय द्यायचं म्हणाल, तर 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'. २० भाग, अनाथाश्रमातल्या हुशार पोरांची गोष्ट. त्यांना सांभाळणारी बाई, जिला ती 'मामा' म्हणजे मम्मी म्हणतात, त्यांच्यावर जीव टाकते, आणि हे प्रेम खरं की खोटं, याचा माझा तरी निकाल लागलेला नाही. किंवा केई सान्बे यांचं 'इरेज्ड'. त्यात मोठा झालेला माणूस १९८८ सालच्या होक्काइदोत, आपल्याच पाचवीतल्या शरीरात परत जातो, एका वर्गमैत्रिणीला वाचवायला. त्यातली नायकाची आई मला सगळ्या खुन्यांपेक्षा जास्त आवडते, तिला पोराच्या तोंडावरूनच सगळं कळतं. मात्र शूझो ओशिमी यांचं 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' तिच्या आधी तुम्ही वाचा. १७ भाग, अतिशय लाडाची आई आणि तिचा शाळकरी मुलगा. शब्द फार कमी, पानंच्या पानं नुसता त्या आईचा हसरा चेहरा. ते वाचून मी चार दिवस माझ्या मुलाला फोन केला नाही. उगाच जास्त प्रेम दिसायला नको म्हणून.

एक गंभीर गोष्ट. पुस्तक वाचताना २०११ आठवणं वेगळं, आणि टेबलाशी उभं असताना, हातात हत्यार असताना ते आठवणं वेगळं. तसं होत असेल, किंवा पुस्तक आठवडाभर बाजूला ठेवूनही झोप उडालेलीच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. स्वतःच्या हॉस्पिटलात जायला संकोच वाटणार, मला कळतं. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, आणि तिकडे तुम्हाला कुणी सिस्टर म्हणून ओळखत नाही.

राहता राहिली ती बाई.

लेकीचा दुसरा भाग चालू आहे म्हणता, म्हणजे तुर्की कामगाराचा प्रसंग तिने वाचलाय. तो वाचून आईने दोन दिवस पुस्तक मिटून ठेवलं, हेही तिने पाहिलं असणार. घरात अकरावीतली मुलगी असली की काही लपत नाही. तिने विचारलं नाही, कारण सोळाव्या वर्षी आईला काही विचारायचं म्हणजे मोठंच काम. तेव्हा तुम्हीच विचारा. ओट्याशी दुसरं स्टूल टाका आणि म्हणा, त्या प्रसंगात तुला कोण चुकलं वाटतं? ती डायरेक्टरचं नाव घेईल, नाहीतर तेन्माचं. थोडी वाद घालणारी असली तर म्हणेल, गायक वाचला ना, मग काय?

मग तिला म्हणा, अजून एकजण होती. उरासावांनी डॉक्टर काढला, डायरेक्टर काढला, रडणारी बायको काढली. निरोप सांगायला व्हरांड्यात आलेल्या सिस्टरची गोष्ट त्यात नाही. ती तुमच्याकडे आहे. सांगायला सुरुवात स्टीलच्या डब्यापासून करा. आणि त्या बाईचं नाव, जे तुम्ही मला लिहिलं नाहीत आणि लिहूही नका, ते लेकीला सांगा.